विलायतेत फॅमिली कोर्टाचे बॅरिस्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना खुले पत्र

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,

स.न.वि.वि.

इंग्लंडमधल्या बार कोर्सची, म्हणजे बॅरिस्टर होण्यासाठीच्या अभ्यासक्रमाची, फी भरण्यासाठी घर किंवा जमीन तारण ठेवायचा विचार ज्या घरांत चालू आहे, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. आम्ही तिथल्या फॅमिली कोर्टांत वकिली करतो. महाराष्ट्रातून आमच्याकडे चौकशा येतात त्या कोर्स कुठला चांगला, कॉलेज कुठलं, राहायचं कुठे अशा. उमेदवारीच्या वर्षात सकाळपासून रात्रीपर्यंत नेमकं काय काम असतं, हे क्वचितच कोणी विचारतं. आमचं म्हणणं एवढंच आहे की आधी ते काम समजून घ्या, ते मनापासून करावंसं वाटतं का ते ठरवा आणि मगच पैशाला हात घाला.

बार कोर्सला प्रवेश मिळणं फारसं अवघड नाही. पदवीला सेकंड क्लास असला, चार इन्सपैकी (इन म्हणजे बॅरिस्टरांची जुनी संस्था) एकीचं सदस्यत्व घेतलं आणि १३,००० पासून २०,००० पौंडांच्या पुढेपर्यंत फी भरायची तयारी असली की दार उघडतं. खरी चाळणी पुढे आहे. कोर्स झाल्यावर इन तुम्हाला ‘कॉल’ करते, म्हणजे बॅरिस्टर हा किताब देते, गाऊन घालून फोटो निघतो, गावाकडे पेढे वाटले जातात. पण प्युपिलेज, म्हणजे बारा महिन्यांची उमेदवारी, मिळून तिचे पहिले सहा महिने झाल्याशिवाय तुम्हाला कोर्टात उभं राहता येत नाही. तोपर्यंत तुम्ही ‘अनरजिस्टर्ड बॅरिस्टर’. डॉ. आंबेडकर ग्रेज इनचे बॅरिस्टर, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १९२३ साली लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या, ही नावं आपल्याला पाठ असतात. त्या काळी उमेदवारीची सक्ती नव्हती. आज आहे, आणि कोर्स संपल्यापासून पाच वर्षांत ती सुरू झाली नाही तर कोर्सची मुदत संपते. दरवर्षी दोन हजारांच्या आसपास मुलं बार कोर्स करतात आणि प्युपिलेजच्या जागा पाच-सहाशेच्या घरात असतात. त्यांतल्या फॅमिलीच्या किती, हा हिशोब कोर्स विकणारा एजंट तुम्हाला मांडून दाखवणार नाही.

अर्ज प्युपिलेज गेटवे नावाच्या सामाईक यंत्रणेतून, जानेवारी-फेब्रुवारीत करायचे असतात. एका फेरीत जास्तीत जास्त वीस चेंबर्सना (चेंबर्स म्हणजे बॅरिस्टरांचं सामाईक कार्यालय) अर्ज करता येतो, निकाल मे महिन्यात लागतो आणि प्रत्यक्ष काम बहुधा त्यापुढच्या वर्षाच्या शरदात सुरू होतं. म्हणून कोर्सला बसण्याआधीच प्युपिलेजचा अर्ज करून पाहावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. इन्सच्या शिष्यवृत्त्यांची मुदत आदल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपते आणि एका वर्षी एकाच इनकडे अर्ज करता येतो. ही तारीख चुकली की सगळा भार घरच्यांवर येतो.

व्हिसाचं आत्ताच सांगून टाकतो. स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय करायला मनाई आहे आणि प्युपिलेजच्या दुसऱ्या सहामाहीतलं काम स्वतंत्र व्यवसायातच मोडतं. तेव्हा ‘आधी जाऊ, मग बघू’ हे चालत नाही. परदेशी प्युपिलसाठी, म्हणजे उमेदवारासाठी, व्हिसाची सोय कशी होते आणि उमेदवारीनंतर चेंबर्समध्ये कायम व्हायचं झाल्यास काय, हे अर्ज करण्याआधीच चेंबर्सला लेखी विचारा.

आता कामाकडे वळू. पहिले सहा महिने तुम्ही सुपरवायझरच्या, म्हणजे तुम्हाला शिकवणाऱ्या बॅरिस्टरच्या, मागे असता. स्वतः कोर्टात बोलायचं नाही. त्यांचे कागद वाचायचे, त्यांच्यासाठी मसुदे करायचे, उलटतपासणी चालू असताना प्रश्न आणि उत्तर दोन्ही शब्दशः टिपून घ्यायचं. हे टिपण कमी लेखू नका. न्यायाधीशांनी निकाल तोंडी दिला तर पुढचे काही दिवस तुमचं टिपणच दोन्ही बाजूंच्या हातात असतं. व्यावसायिक नीतीची परीक्षा उमेदवारीच्या वर्षात द्यावी लागते, आणि इनचं वकिलीचं प्रशिक्षण या पहिल्या सहा महिन्यांतच उरकावं लागतं. त्या प्रशिक्षणाशिवाय दुसऱ्या सहामाहीचं तात्पुरतं प्रमाणपत्र मिळत नाही.

दुसऱ्या सहामाहीत तुमचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. पाच-साडेपाचला क्लार्कचा निरोप येतो : उद्या सकाळी दहा, अमुक कोर्ट, आईच्या बाजूने. क्लार्क म्हणजे कारकून समजू नका. कोणतं काम कोणाला द्यायचं, फी किती ठरवायची, सॉलिसिटरला (अशिलाच्या वतीने बॅरिस्टरला काम देणाऱ्या वकिलाला) काय सांगायचं हे सगळं त्यांच्या हातात असतं. पुष्कळदा हे काम दुसऱ्या कोणाकडून ऐनवेळी परत आलेलं असतं, म्हणून कागद उशिरा हाती पडतात. बंडल, म्हणजे खटल्याच्या कागदांचा संच, तीन-साडेतीनशे पानांचं असतं आणि रात्र एकच.

नवखी मुलं ते पहिल्या पानापासून वाचायला घेतात आणि बाराला दोनशेव्या पानावर असतात. वाचायचा क्रम उलटा ठेवा. आधी शेवटचा आदेश : उद्याची सुनावणी कशासाठी आहे, कोणी काय दाखल करायचं होतं, ते झालं का? मग कॅफकॅसचं पत्र किंवा अहवाल. कॅफकॅस ही मुलांच्या हितासाठी कोर्टाला सल्ला देणारी संस्था. पोलीस आणि स्थानिक प्रशासनाकडे त्या कुटुंबाबद्दल काय नोंदी आहेत ते पहिल्या पत्रात येतं. त्यानंतर दोन्ही पक्षांची निवेदनं आणि सर्वांत शेवटी पोलिसांचे कागद. वाचतानाच तारखांची यादी करत जा. या खटल्यांत माणसं खोटं बोलतात त्यापेक्षा तारखा जास्त विसरतात, आणि दोन निवेदनांतला विरोध बहुतेक वेळा यादी केल्यावरच दिसतो.

मग पोझिशन स्टेटमेंट, म्हणजे आपल्या पक्षाची भूमिका मांडणारं टिपण. तीन पानांच्या पुढे जाऊ नका. आज कोर्टाकडून काय हवं ते पहिल्या परिच्छेदात, का हवं ते त्यानंतर, आणि दुसरी बाजू काय म्हणेल त्याला दोन-चार ओळी. कायद्याचं प्रवचन नको. चिल्ड्रन ॲक्ट १९८९ मधली मुलाच्या हिताची यादी न्यायाधीशांना तुमच्याआधीपासून पाठ आहे. तुमच्या अशिलाच्या बाबतीत त्यांतले कोणते दोन मुद्दे निर्णायक आहेत, तेवढं सांगा. नियमाप्रमाणे हे कागद आदल्या दिवशी सकाळी अकरापर्यंत कोर्टात पोचायला हवेत. ब्रीफच, म्हणजे खटल्याचं कामच, संध्याकाळी आलं असेल तर ते शक्य नाही. मग त्याच रात्री पाठवा, सकाळी हातात देऊ असं म्हणू नका.

कोर्टात दहाची सुनावणी असेल तर नऊला पोचायचं. लंडनमध्ये हाय होबर्नचं सेंट्रल फॅमिली कोर्ट, कॅनरी वॉर्फचं ईस्ट लंडन, फेल्टमचं वेस्ट लंडन. आणि क्लार्कने पाठवलं तर सकाळच्या पहिल्या गाडीने ल्युटन किंवा चेम्सफर्ड. अशिलाशी बोलायच्या खोल्या कमी, पक्षकार जास्त, म्हणून लवकर पोचून खोली धरणं हेही कामच. ज्या व्यक्तीला आयुष्यात कधी भेटला नाहीत, तिच्याकडून पुढच्या वीस मिनिटांत तिच्या मुलाविषयी सूचना घ्यायच्या असतात. ती रडत असते किंवा चिडलेली असते. पहिला प्रश्न खटल्याचा विचारू नका. दुसऱ्या पक्षाला समोरासमोर बघायची भीती वाटते का, आत पडदा हवा का, बाहेर पडण्याचा रस्ता वेगळा हवा का, हे आधी विचारा. कौटुंबिक हिंसाचाराचा आरोप असेल तर ही सोय मागणं तुमची जबाबदारी आहे आणि ती ऐनवेळी मागितली की मिळेलच असं नाही.

मुलाचा ताबा आणि भेटी यांच्या वादात पहिल्या सुनावणीचा बराचसा निकाल कोर्टाच्या खोलीबाहेर, कॉरिडॉरमध्ये लागतो. समोर वकील असेलच असं नाही. १ एप्रिल २०१३ पासून घटस्फोट आणि मुलांच्या खाजगी वादांतली सरकारी कायदेशीर मदत जवळजवळ संपली. हिंसाचाराचा पुरावा आणि तुटपुंजं उत्पन्न या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच ती सहसा मिळते. त्यामुळे समोर बऱ्याचदा एकटा बाप किंवा एकटी आई असते. त्यांना सल्ला देता येत नाही, त्यांच्या अज्ञानाचा फायदाही घ्यायचा नाही. आपण कोण, कोणाच्या बाजूने आणि काय सुचवतो आहोत, हे साध्या शब्दांत सांगायचं आणि विचार करायला वेळ द्यायचा. घाईत मिळवलेली सही महिन्याभरात मोडते.

तोडगा निघाला की आदेशाचा मसुदा तुम्हीच लिहायचा. आमच्या मते प्युपिलची खरी परीक्षा इथेच होते. उलटतपासणीचं जे आकर्षण तुमच्या मनात असतं, त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त माणसांचं आयुष्य या दोन-तीन पानांवर चालतं. ‘वडिलांनी मुलाला शनिवार-रविवार भेटावं’ असं लिहिलेला आदेश पहिल्याच शनिवारी कोसळतो. किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत? दारात सोडायचं की शाळेच्या फाटकाशी? सोडायला कोण येणार, आजी चालेल का? मूल आजारी पडलं तर ती भेट बुडाली की पुढच्या आठवड्यात भरून द्यायची? उन्हाळ्याच्या सुट्टीची वाटणी कोणत्या तारखेपासून मोजायची? पासपोर्ट कोणाकडे राहणार? आपल्या घरांतल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक : दिवाळी आणि गणपती इंग्लंडच्या शाळांच्या सुट्ट्यांत बसतीलच असं नाही, नाताळ बसतो. नेहमीच्या मसुद्यात बहुधा नाताळाचंच कलम असतं. सणाचा दिवस एक वर्षाआड कोणाकडे, हे लिहायला सुचवणारा वकील क्वचितच असतो आणि मग दर वर्षी तेच भांडण उभं राहतं.

मुदतींमध्ये ‘लवकरात लवकर’ हे शब्द कधीही नकोत. कोणी, काय, कोणत्या तारखेला दुपारी चारपर्यंत दाखल करायचं ते लिहा. ती तारीख बँक हॉलिडेला येत नाही ना ते कॅलेंडर उघडून पाहा. केसांची अमली पदार्थांची तपासणी करायची असेल तर खर्च कोणाचा, किती महिन्यांची. पुढच्या सुनावणीला किती वेळ लागेल. मसुदा दुसऱ्या बाजूला दाखवून त्याच दिवशी पाठवा. घरी जाऊन लिहू म्हटलं की रात्री दोघांच्या आठवणी वेगळ्या निघतात.

डॉर्सेट आणि नॉर्थ वेल्समध्ये २०२२ पासून सुरू झालेली पाथफाइंडर पद्धत हळूहळू इतरत्र पोचते आहे. तिच्यात मुलावर काय परिणाम होतो आहे याचा अहवाल पहिल्या सुनावणीआधीच तयार होतो. तुम्ही येईपर्यंत कदाचित तुमच्या कोर्टातही ती असेल, तेव्हा जुन्याच पायऱ्या पाठ करून येऊ नका.

प्रशासन मूल ताब्यात घ्यायला निघतं तेव्हाचं काम आणखी निराळं. तिथे आईवडिलांना उत्पन्नाची अट न लावता सरकारी मदत मिळते, खटला २६ आठवड्यांत संपवायचा असतो, आणि सुनावणीआधी सगळ्या वकिलांची बैठक ठरलेल्या मुदतीत घ्यावी लागते : पहिल्या व्यवस्थापन सुनावणीच्या किमान दोन दिवस आधी, मुद्दे निकाली काढायच्या सुनावणीच्या सात दिवस आधी. प्युपिलला यात बऱ्याचदा एखाद्या आजी-आजोबांची किंवा बाजूला पडलेल्या वडिलांची बाजू मिळते. कागदांत तान्ह्या बाळांच्या जखमांचे फोटो असतात. त्याची तयारी वाचनाने होत नाही. असे खटले लागोपाठ आले तर सुपरवायझरला सांगायचं, क्लार्कला सांगायचं. तो दुबळेपणा नाही आणि चांगल्या चेंबर्समध्ये तसं कोणी मानत नाही.

नवरा-बायकोतल्या पैशाच्या वाटणीच्या खटल्यांत आपल्याकडच्या उमेदवारांना एक खरी आघाडी आहे. दोन्ही पक्षांना फॉर्म ई भरावा लागतो : बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, पेन्शन, घर, कर्ज, आणि ५०० पौंडांहून जास्त किमतीची प्रत्येक वैयक्तिक वस्तू. भारताशी संबंध असलेल्या कुटुंबांत गोंधळ होतो तो इथे. सासरी-माहेरी घातलेलं सोनं कोणाच्या लॉकरमध्ये आहे, ते लिहिलेलं नसतं. पुण्यातला फ्लॅट सासऱ्यांच्या नावावर, हप्ते मात्र लंडनहून जातात. पीपीएफ आणि एलआयसीची पॉलिसी ‘ती भारतातली’ म्हणून सोडून दिलेली असते. वास्तविक जगभरातली सगळी मालमत्ता दाखवायची असते. सातबाऱ्यावर चार भावांची नावं असली म्हणजे चौथा हिस्सा लगेच विकता येतो, असं इंग्रज वकील समजतो. सातबारा म्हणजे काय, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा आणि हातात येणारे पैसे यांत किती अंतर आहे, रुपयाचा दर कोणत्या तारखेचा धरला, हे तुम्ही दोन परिच्छेदांत समजावू शकलात तर सुपरवायझरला तुमची किंमत पहिल्याच महिन्यात कळेल. मात्र भारतीय कायद्याबद्दल मत द्यायचं काम तज्ज्ञाचं. तुम्ही प्रश्न दाखवायचा, उत्तर तज्ज्ञाकडून मागवायचं.

मुलाला सुट्टीत भारतात नेण्याच्या अर्जांचंही तसंच. मूल ज्याच्याकडे राहतं असा आदेश आहे, त्या पालकाला एक महिन्यापेक्षा कमी काळासाठी परदेशी नेता येतं. आदेश नसेल तर पालकत्वाची जबाबदारी असलेल्या प्रत्येकाची संमती लागते, नाहीतर तो गुन्हा ठरू शकतो. पळवून नेलेलं मूल त्याच्या देशात परत पाठवण्याच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. मूल परत आलं नाही तर भारतातलं न्यायालय इंग्लंडच्या आदेशाचा विचार करतं, पण मुलाचं हित स्वतः नव्याने तपासतं. म्हणूनच इंग्लंडचे न्यायाधीश अशा प्रवासाआधी परतीची तिकिटं, अनामत रक्कम, कधी भारतातल्या कोर्टाचा तसाच आदेश मागतात. नुसतं ‘आजीला भेटायचं आहे’ एवढं निवेदन पुरत नाही.

मराठी येतं म्हणून दुभाष्याचं काम अंगावर घेऊ नका, हे फार कळकळीने सांगतो. अशिलाशी मराठीत बोलायला हरकत नाही, पण सूचना इंग्रजीत टिपून ठेवा. कोर्टात दुभाषी कोर्टानेच द्यायचा असतो आणि तो आधीच्या आदेशात मागावा लागतो, भाषा नेमकी लिहून. अशिलाची भाषा कोकणी असेल आणि फॉर्मवर मराठी लिहिलं असेल तर सुनावणी पुढे ढकलली जाते. तुम्हीच भाषांतर केलंत आणि पुढे त्यावर वाद झाला, तर वकील म्हणून बाजूला व्हायची वेळ येईल. आणि कॉरिडॉरमध्ये मराठीत बोललेलं पलीकडच्या बाकावरच्या सासूबाईंना व्यवस्थित कळतं. फॅमिली कोर्टाचं कामकाज खाजगी असतं. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या ओळखीच्या कुटुंबाचं ब्रीफ आलं तर नाव वाचताक्षणी क्लार्कला सांगून ते परत करा, आणि घरी फोनवरही त्याबद्दल अवाक्षर नको.

पैसे. प्युपिलेजला किमान रक्कम द्यावीच लागते. २०२५ साठी ती लंडनमध्ये वर्षाला २४,२०३ पौंड आणि इतरत्र २२,०१९ पौंड होती. व्यापारी कायद्याची मोठी चेंबर्स याच्या कितीतरी पट देतात. फॅमिलीत, विशेषतः सरकारी मदतीवर चालणाऱ्या चेंबर्समध्ये, आकडा किमान रकमेच्या आसपासही असू शकतो. दुसऱ्या सहामाहीत तुमची स्वतःची फी सुरू होते, पण काम केल्यावर हातात यायला महिने लागतात. रेल्वेचं भाडं मात्र त्याच दिवशी जातं. सरकारी मदतीच्या कामात हजेरीच्या फॉर्मवर सुनावणीची वेळ आणि जादा रकमेचे हक्क नोंदवून घ्यायचे असतात. तो फॉर्म सही न घेता राहिला की हक्काचे पैसे गेले. कर भरण्यासाठीची रक्कम पहिल्या चेकपासून वेगळी ठेवा.

चेंबर्स निवडताना फक्त नाव पाहू नका. मिनी-प्युपिलेजला, म्हणजे दोन-तीन दिवस नुसतं पाहायला, गेलात की तिथल्या सध्याच्या प्युपिलला एकटं गाठून विचारा : मसुदे कोण तपासतं, आठवड्यात किती दिवस लंडनबाहेर जावं लागतं, आजारी पडलं तर काय होतं, गेल्या पाच वर्षांत किती जणांना कायम घेतलं. बारमधल्या छळवणुकीवर हॅरिएट हारमन यांचा स्वतंत्र अहवाल सप्टेंबर २०२५ मध्ये आला, त्यात ३६ शिफारशी आहेत. त्यांचं तुमच्याकडे काय झालं, हेही विचारायला संकोच करू नका.

आणि पालकहो, दुसरा एक रस्ता आहे, त्याकडे जरूर पाहा. मुलाने किंवा मुलीने इथे सनद घेऊन वांद्र्याच्या किंवा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात दोन-तीन वर्षं नेटाने काम केलं, तर परदेशातले पात्र वकील म्हणून इंग्लंडच्या बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे प्रशिक्षणातून सूट मागता येते. बोर्ड अनुभव पाहून कोणती परीक्षा द्यायची आणि प्युपिलेज किती कमी करायची ते ठरवतं. त्या अर्जासाठी स्वतः चालवलेल्या कामांची नोंद लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा : तारीख, कोर्ट, अर्जाचा प्रकार, आपण स्वतः काय केलं. पक्षकारांची नावं त्यात लिहू नका.

आपले,
इंग्लंडच्या फॅमिली कोर्टांत काम करणारे काही मराठी वकील